दुसरी सही

लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर माणसाला स्वतःबद्दल नवीन काही कळायचं राहत नाही, अशी माझी समजूत होती. गेल्या श्रावणात मला कळलं की मी अविवाहित आहे.

ज्यांना हे ऐकून हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. आमचा गाव हसून झाला आहे, नातेवाईक हसून झाले आहेत, आणि माझी मुलगी गौरवी फोंड्याहून फोन करते, हसते, आणि मग फोन तिच्या नवऱ्याकडे देते, म्हणजे तोही हसतो. मला स्वतःला अजून हसू आलेलं नाही. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहणारा, सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, सरळ मार्गाने चालणारा माणूस आहे. कृष्णनाथ हे माझं नाव. माझ्याबद्दल आजवर कोणी वाकडा शब्द बोललेलं नाही, कारण बोलण्यासारखं मी काही केलेलंच नाही. लग्नसुद्धा नाही, हे आता उघड झालं.

सुरुवात माझ्या मेव्हण्यापासून झाली. सुदेश हा माझ्या बायकोचा, यशोदेचा, धाकटा भाऊ. (बायको हा शब्द मी सवयीने लिहितो आहे. कायद्यापुढे त्याचं समर्थन मला करता येणार नाही, हे पुढे दिसेलच.) सुदेश चोपड्याला राहतो. सासऱ्यांच्या मागे तिथे एक घर, थोडी शेती आणि शापोरा नदीच्या काठाला माडांचा एक तुकडा होता. सुदेशचं म्हणणं असं की घर आणि शेती त्याने घ्यावी, माडांचा तुकडा बहिणीच्या नावावर करावा, आणि कागद कायमचा करून टाकावा. यशोदेला ते मान्य होतं. प्रश्न फक्त माझ्या सहीचा होता.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबलं पाहिजे. आमच्याकडे जमिनीचा एवढासा तुकडा इकडचा तिकडे करायचा तरी सगळ्या भावाबहिणींच्या सह्या लागतात, आणि त्यांच्याच नव्हे, तर त्यांच्या नवऱ्यांच्या आणि बायकांच्याही. नवराबायकोचं सगळं अर्धं अर्धं, त्यामुळे एकट्याच्या सहीवर काही होत नाही. बाकीच्या मुलखात जावयाला लग्नात मान मिळतो आणि नंतर अधिक महिन्यात कधीतरी. आमच्याकडे त्याचा खरा मान वाटणीच्या वेळी असतो. जो जावई लग्नात कोपऱ्यात बसून जेवला, त्याला वाटणीच्या वेळी खुर्ची पुसून देतात.

सुदेशने आणलेल्या मसुद्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. माझी अडचण तीच होती. सगळी नोकरी मी दुसऱ्यांच्या कागदांवर हरकती काढण्यात घालवली. बिनहरकतीचा कागद समोर आला की मला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. म्हणून मी तो मसुदा अभ्यासासाठी ठेवून घेतला. अभ्यास दोन वर्षं चालला. मधून मधून सुदेश यायचा, येताना कधी नदीतले शेवटे मासे, कधी तिसऱ्यो घेऊन यायचा, आमच्या सोप्यावर बसायचा आणि विषय काढायच्या आधी पावसापाण्याचं बोलायचा. यशोदा चहा आणून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, घाई कशाला, नीट बघूया. तो मान हलवून उठायचा. मासे मात्र चांगले असायचे, हे मी नाकारत नाही.

शेवटी गेल्या वर्षी मी होकार दिला. नवा शर्ट घातला, पेनात नवी कांडी घातली आणि आम्ही उभयता पेडण्याला वकिलाकडे गेलो. वकिलांनी मला खुर्ची दिली, कागद पुढे सरकवला, आणि सही करणार इतक्यात म्हणाले की तुमच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला तेवढा जोडावा लागेल. मी म्हटलं, हरकत नाही. दाखला असणारच. लग्न झालं आहे तर दाखला कुठे जातोय?

नोंदणी कार्यालयातल्या बाई गौरवीच्या वयाच्या होत्या आणि अतिशय सभ्य होत्या. त्यांनी जुनी नोंद शोधली, वाचली, पुन्हा वाचली, आणि मला बसायला सांगितलं. सरकारी माणूस तुम्हाला आपणहून बसायला सांगतो तेव्हा काय समजायचं ते मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, “काका, पहिली सही आसा. दुसरी ना.”

आमच्याकडे लग्न सह्यांनी लागतं, भटजी मागाहून येतात. आधी दोघांनी कार्यालयात जाऊन, आमचा लग्न करायचा विचार आहे, अशी सही करायची. मग पंधरवडाभर तिथे नोटीस लागते, कोणाला हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. हरकत आली नाही की दोघांनी परत जायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न झालं. मग तुम्ही मांडव घाला किंवा घालू नका, कायद्याला त्याचं काही नाही. आणि ती झाली नसेल तर मांडव कितीही मोठा असो, कायद्याला त्याचंही काही नाही.

आमच्या वेळी पहिली सही व्यवस्थित झाली. सासरे कार्यालयातून बाहेर आले आणि वाट बघणाऱ्या मंडळींना म्हणाले, सय जाली. माझ्या वडिलांनी घरी येऊन तेच सांगितलं. त्या पंधरवड्यात पत्रिका छापल्या गेल्या, मुहूर्त जवळ आला, चोपड्याला मांडव पडला, मुंडावळ्या बांधून आम्ही उभे राहिलो. पुढे जो कोणी विचारायचा की सही झाली का, त्याला दोन्हीकडची मंडळी खरंच सांगत होती की झाली. किती झाल्या, हे कोणी विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही. नवऱ्या मुलाला आपल्याकडे काही विचारायची पद्धत नाही.

मी त्या बाईंना म्हटलं की मला एक मुलगी आहे. त्या म्हणाल्या, जन्माची नोंद वेगळ्या पुस्तकात असते. मी आधार कार्ड दाखवलं, मतदार यादी सांगितली, गॅसचं पुस्तक सांगितलं. सगळीकडे यशोदा माझी बायको होती. फक्त जिथे ती बायको असायला हवी होती तिथे नव्हती. आणि ती जुनी पहिली सहीसुद्धा मुदत उलटून कधीच बाद झाली होती.

वकिलांना वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ते खूश झाले. म्हणाले, मग तर काम सोपं झालं, बाईंची एकटीची सही पुरे. सुदेश माझ्याकडे वळला आणि फार आदराने म्हणाला, “भावजी, मगे तुमका त्रास ना.”

कागद झाला त्या दिवशी सुदेश, त्याची बायको पल्लवी आणि यशोदा आत गेले. मी बाहेर बाकावर बसलो. नवा शर्ट अंगात, पेन खिशात. शेजारी एक गृहस्थ आपल्या नंबराची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण लागता? मी खिशातलं पेन चाचपत सांगितलं, मी सोबत आलो आहे. आत कागदावर यशोदेचं माहेरचं नाव घातलं होतं, कारण लग्न नाही तर सासरचं नाव कुठलं? आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळांत यशोदा हे नाव मीच लिहिलं होतं. त्याआधी ती चंद्रावती होती. तर त्या कागदावर, चंद्रावती, वय छप्पन्न, अविवाहित, असं लिहिलं आणि तिने सही केली. बाहेर आली तेव्हा ती आणि पल्लवी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या. मग सगळ्यांनी लिंबू सोडा घेतला. मलाही दिला.

परतीच्या वाटेत म्हापशाच्या बसस्टँडवर डिचोलीची बस लागायची होती. तिथे उभा असताना मला एकदम आठवलं की मला पेन्शन आहे. माणूस गेला की पेन्शन बायकोला लागते. बायकोला, म्हणजे दाखल्यावरच्या बायकोला. नियम मला तोंडपाठ आहेत, त्यांतून वाट काढता येत नाही हेही मला ठाऊक आहे. उद्या मी गेलो तर या बाईला एक पैसा मिळणार नाही. घर माझ्या नावावर, तेही तिला सरळ मिळणार नाही. इतका वेळ मला अपमान वाटत होता, आता भीती वाटली, आणि ती पुढे कधी गेलीच नाही. मी तिथेच तिला सांगितलं की आपण परत सही करूया. ती माशांच्या टोपल्या बघत होती. म्हणाली, करूया.

लग्न करणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला सगळं वडिलांनी केलं होतं. पंचायतीत राहण्याचा दाखला मागितला तर तिथल्या कारकुनाने विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, लग्नासाठी. तो म्हणाला, तुम्हाला मुलगा आहे हे माहीत नव्हतं. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, की मी, कृष्णनाथ, वय एकसष्ट, शपथेवर सांगतो की आजवर माझं कोणाशीही लग्न झालेलं नाही. नोटरी भला माणूस होता. शिक्का मारता मारता त्याने हळूच विचारलं की इतकी वर्षं जमलं कसं नाही. मग यशोदा आणि चंद्रावती ही एकच बाई आहे असं तिच्याकडून आणखी एक प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. अखेर डिचोलीच्या कार्यालयात जाऊन आम्ही पहिली सही केली. साक्षीला सुदेश आणि पल्लवी आले. गावात कोणाला कळू नये म्हणून गावातलं कोणी घेतलं नाही, आणि तिथेच माझं चुकलं.

नारायणबाब हे आमचे शेजारी. त्यांचं आणि आमचं एकच कुंपण आहे, आणि कुंपणाच्या त्या बाजूला ते उभे नाहीत असा दिवस मला आठवत नाही. त्यांना न विचारता आमच्या घरी नळाची तोटीसुद्धा बदललेली नाही. बुधवारी डिचोलीच्या बाजाराला गेले असताना ते काही कामाने त्या कार्यालयात शिरले आणि फळ्यावरची नोटीस त्यांनी वाचली. वराचं नाव कृष्णनाथ, गाव आमचा. वधूचं नाव चंद्रावती, राहणार चोपडे. नारायणबाब आमच्या लग्नात जेवले होते, पण लग्नानंतर यशोदेला यशोदा याशिवाय दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली त्यांनी ऐकली नव्हती. त्यांनी नोटिशीचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर आला होता.

मला दोन दिवस काही पत्ता नव्हता. एवढं जाणवत होतं की लोक माझ्याशी बोलायचे थांबले आहेत. पाव विकणारा पोदेर रोज उंडे देताना हवापाण्याचं काही बोलतो, तो न बोलता उंडे ठेवून गेला. देवळात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ उठून पलीकडे बसले. न्हाव्याने मात्र आपुलकीने सल्ला दिला की या वयात केस रंगवायचे तर पूर्ण काळे करू नयेत, जरा तपकिरी ठेवावेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर सोपा बायकांनी भरला होता. मधोमध यशोदा बसली होती आणि शेजारची एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून सगळ्यांनी तोंडं फिरवली. मी आतल्या खोलीत जाऊन जनेलाच्या गजांशी उभा राहिलो आणि ऐकू लागलो. एक म्हणत होती, पुरुषांना पेन्शन लागली की असं होतं. दुसरी म्हणत होती, चोपड्याची असेल तर तिला आपण गाठूया. यशोदा मधूनच सुस्कारा टाकत होती आणि सगळ्यांना चहा वाढत होती. त्या गेल्यावर मी विचारलं की चंद्रावती म्हणजे तूच, हे तू त्यांना का सांगितलं नाहीस. ती कप गोळा करत म्हणाली, “इतक्या वर्सांनी कोण माझी विचारपूस करूंक आयलां. येवंदेत.”

मी स्वतः नारायणबाबांकडे जाऊन खुलासा करायचं ठरवलं. त्याला उशीर झाला होता. आदल्या दिवशीच त्यांनी यशोदावहिनींच्या हितासाठी कार्यालयात लेखी हरकत दिली होती. आमच्या कायद्याला लग्न करणं सोपं वाटत नाही म्हणूनच तो पंधरवडा ठेवलेला आहे, आणि त्या पंधरवड्याचा असा उपयोग करणारा माणूस त्या फळ्यासमोर फार वर्षांनी उभा राहिला असावा. हरकत अशी होती की वर आधीच विवाहित आहे, त्याची पत्नी यशोदा हयात आहे, आणि सदर लग्नास हरकतदार जातीने हजर होता व पंगतीला जेवला होता.

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. माझं लग्न झालं आहे असं लिहून द्यायला तयार असलेला एक माणूस या जगात अखेर निघाला, आणि तो माझं लग्न थांबवायला निघाला. रजिस्ट्रारसाहेबांनी मला बोलावून शांतपणे समजावलं की हरकत आली आहे तर तिला उत्तर द्यावं लागेल. हरकतदार म्हणतो तुमचं लग्न झालं आहे. तुम्ही ते झालं नाही असं दाखवा, मग लग्न करा.

म्हणजे जी बत्तीस वर्षं मी बायको म्हणून सांगत आलो, ती बायको नाही असं सिद्ध करायला मला कंबर कसावी लागली. मी पेडण्याला गेलो, दुसरी सही नसल्याचा दाखला आणला. खुलासा लिहायला घेतला. सरकारी मराठी माझ्या हातची आहे, पण हे वाक्य काही केल्या पुरं होईना, की यशोदा हिच्याशी माझा कोणताही विवाह झालेला नाही. मी ते लिहीत होतो आणि ती समोर बसून तांदूळ निवडत होती. दोनदा कागद फाडला. तिने विचारलं, इतकं काय लिहिता. मी म्हटलं, काही नाही, तुझंच.

नारायणबाबांना सगळं कळलं तेव्हा ते खजील झाले असं मला सांगायला आवडलं असतं. ते रुसले. साक्षीदार म्हणून आपल्याला विचारलं असतं तर हे झालंच नसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं म्हणून मला ते जास्त झोंबलं. हरकत मागे घ्यायला त्यांनी अट घातली की लग्नाचं जेवण झालं पाहिजे. मी कबूल केलं. त्या दिवसांत कोणीही काहीही मागितलं असतं तरी मी कबूल केलं असतं.

अखेर दुसऱ्या सहीचा दिवस आला. यशोदेने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, केसात अबोली माळली. मी दोन वेळा दाढी केली. रजिस्ट्रारसाहेबांनी कागद पुढे ठेवला, आणि माझ्याकडून आधी सही घेतली. मी ती एका झटक्यात केली, अभ्यासाला वेळ न घेता. मग ते तिच्याकडे वळले. म्हणाले, चंद्रावतीबाई, हे तुम्ही राजीखुशीने करता आहात ना?

तिने आधी मागे वळून पाहिलं. त्या नावाने तिला कोणी बोलावल्याला खूप वर्षं झाली होती, कदाचित म्हणून असेल. तिने कागद उचलला आणि वाचायला घेतला. दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या मागे एक तरुण जोडपं उभं होतं, ते चुळबुळ करू लागलं. मग तिने विचारलं, “साहेब, ही सय केल्यार चोपड्याच्या माडांक ह्यांची सय लागतली?”

साहेब म्हणाले, विकायचे किंवा कोणाला द्यायचे झाले तर लागेल. मुलीला द्यायचे झाले तरी लागेल.

“आनी ना केल्यार?”

मग तुमची एकटीची पुरे, साहेब म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घाईने सांगितलं की लग्नाआधी दोघांनी करार केला तर ज्याचं त्याचं वेगळं ठेवता येतं, तशी सोय कायद्यात आहे. तिने विचारलं, त्या करारावर कोणाच्या सह्या लागतात. साहेब म्हणाले, अर्थात दोघांच्या.

तिने हातातलं पेन बंद केलं. “मगे आज रावंदे,” ती म्हणाली, आणि पेन मला परत दिलं.

मी तिथल्या तिथे सांगितलं की करारावर मी आत्ता सही करतो, या घटकेला करतो, कोरा कागद द्या, त्यावर करतो. सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. ती उठून बाहेर गेली होती. साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, मुदत आहे अजून, बाईंचा विचार झाला की या.

बाहेर रस्त्याच्या कडेला मी तिला गाठलं. मी रागावलो होतो, घाबरलो होतो, आणि अबोलीची वेणी लावून ही बाई मला असं कसं करू शकते तेच मला कळत नव्हतं. मी विचारलं की माझं काय चुकलं. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, “दोन वर्सां माझो भाव तुमच्या सोप्यार मासळी घेवन बसतालो. माका लाज दिसताली. हांव तुमका कितें सांगू, सय तुमची लागताली मरे.” आणि वेणी सारखी करत, “माका परत सयेखातीर तुमच्या फुड्यात उभी रवांक नाका.”

मी म्हटलं, मग तू काय, जाणार चोपड्याला? मी वेडा असल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, घरी मासळी कापून ठेवली आहे, खराब होईल, रिक्षा बघा.

घरी आलो. तिने लुगडं बदललं आणि आदोळीवर नारळ खवायला बसली. कुंपणापलीकडून नारायणबाब जेवण कधी ते विचारत होते, त्यांना मी ओ दिली नाही. मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो. मानापमान सगळा बाजूला ठेवला. तिला सांगितलं की जमीन राहू दे, सुदेश राहू दे, माझ्यावरचा राग राहू दे, पण पेन्शनचा विचार कर. उद्या मी मेलो तर तुला काही मिळणार नाही. कुठल्याही कार्यालयात कोणी तुला उभं करणार नाही. मी अशी माणसं परत जाताना पाहिली आहेत.

तिने मान वळवली नाही. खवणं थांबवलंही नाही.

“मगे मरू नकात,” ती म्हणाली.

याला आता बरेच महिने झाले. घरात सगळं पूर्वीसारखं आहे. चहा वेळेवर होतो, कढी तीच, माझे शर्ट धुतलेले असतात. चोपड्याच्या माडांवर चढायला ती स्वतःच पाडेली लावते, नारळ उतरवून घेते, आणि दोन दिवस तिथे राहूनही येते. जाताना सांगते, विचारत नाही. आली नाही तर मला काय करता येईल, हे मी एकदा नीट विचार करून पाहिलं. काही करता येणार नाही. ती येते ती आपल्या मनाने येते, आणि गेटाची कडी वाजली की मला जो धीर येतो तो बत्तीस वर्षांत कधी आला नव्हता, हेही खरं आहे. पण धीराने पेन्शन मिळत नाही. मी दर आठवड्याला सहीचा विषय काढतो. ती ऐकून घेते आणि दुसरं काहीतरी बोलते.

तेव्हा मी माझ्या परीने जे हातात आहे ते करायला घेतलं आहे. सकाळी धरणाच्या रस्त्याने चालायला जातो. मीठ सोडलं, लोणचं सोडलं, सुकी मासळी सोडली. छातीत जरा गुदगुल्या झाल्या तरी डिचोलीच्या डॉक्टरकडे धावतो. त्यांनी दोनदा हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणि परवा वैतागून म्हणाले की कृष्णनाथबाब, तुमच्या वयाच्या मानाने तुम्ही ठणठणीत आहात, मुलीचं झालं, नोकरी झाली, संसार झाला, आता कसली एवढी काळजी लावून घेता?

मी म्हटलं, डॉक्टर, मला इतक्यात मरून चालणार नाही. माझं अजून लग्न व्हायचं आहे.